चाटण वीट ठेवली, रोही येईना. आतापर्यंत फक्त शेळ्या

धुऱ्यावरचा पळस (२२ मे)

नमस्कार मंडळी. कोंढाळीच्या अलीकडे आमचं चार एकर संत्र्याचं वावर आहे. पश्चिमेचा धुरा (बांध) नाल्याला लागून, आणि नाल्यापलीकडे शंभर पावलांवर जंगलाची हद्द. राहतो नागपुरात, वावरात शनिवार-रविवारच जाणं होतं. रात्री तिथं कोण येऊन राहिलं हे काही केल्या कळत नव्हतं म्हणून यंदा ट्रेल कॅमेरा घेतला, प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारा. गडी म्हणतो डुक्कर. शेजारचे काका म्हणतात सायाळ. सकाळी पाहावं तर ठिबकची नळी कुरतडलेली, झाडांच्या बुडाशी माती उकरलेली, आणि धुऱ्याच्या एकाच जागी रोह्याच्या (नीलगायीच्या) लेंड्यांचा ढीग, रोज थोडा वाढलेला.

कॅमेऱ्यात मात्र फारसं काही येत नव्हतं. मग अमेरिकेतल्या लोकांचे व्हिडिओ पाहिले. जमिनीत खड्डा करायचा, मीठ आणि खनिज मिश्रण कालवायचं, आठवड्यात हरणांची रांग. म्हटलं, आपण काहून नाही करायचं? गुरांच्या औषधाच्या दुकानातून दोन किलोची चाटण वीट (गुरांना चाटायला ठेवतात ती खनिजांची) आणली, धुऱ्यावरच्या पळसाच्या बुडाशी ठेवली, आजूबाजूच्या मातीत दोन किलो खडे मीठ मिसळलं. कॅमेरा समोरच्या बाभळीला, छातीच्या उंचीवर, तोंड पश्चिमेला.

बारा दिवसांचा हिशेब सांगतो. एकूण १,१४६ फोटो. त्यातले नऊशेच्या वर नुसतं गवत आणि ऊन. शेळ्या १३१. (त्या गावातल्या एका बाईच्या. तिचा फोन आला, "भाऊ, तुमच्या वावरात काय ठेवलं जी? शेळ्या घरी यायचं नाव घेत नाही.") चार गाई. एक कुत्रं, जे विटेवर पाय वर करून गेलं. वांदरांचा कळप, त्यातल्या एकानं वीट उचलून दहा फुटांवर नेऊन टाकली. माझे स्वतःचे चाळीसेक. आणि रोही एकदाच, पहाटे ४:१० ला, तेही फक्त मागचा भाग.

वीट बदलू का? मीठ वाढवू? गूळ किंवा मोहफुलं टाकली तर? कोणी केलं असेल तर सांगा.

रवंथ

भाऊ, पशुसंवर्धनात तीस वर्षं काढली, म्हणून आधी एकच विचारतो. विटेच्या कागदावर घटक वाचले का? त्यात युरिया असेल तर आजच्या आज उचला.

गुळाची मळी, युरिया आणि खनिजं मिळून केलेल्या विटा गाई-म्हशींसाठी असतात. कोरडा कडबा खाणाऱ्या जनावराच्या पोटातले जंतू त्या युरियापासून प्रथिनं बनवतात. पण जनावराला सवय हळूहळू लावावी लागते, आणि वीट चाटायची असते, चावायची नाही. पाऊस आला की युरिया विरघळून खळग्यात साचतो. ते पाणी प्यालेलं जनावर थरथरतं, पोट फुगतं, तोंडाला फेस येतो आणि बरेचदा डॉक्टर पोचायच्या आत संपतं. तुमच्याकडे तर ती वीट वांदरं उचलून नेऊन राहिली आहेत.

आता मिठाचं. हरणाला त्यात हवं असतं मुख्यतः सोडियम. झाडपाल्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम जवळपास नाहीच. म्हणून चितळ, सांबर, गवा खारवट माती शोधत जातात. सांबराची जुनी शिंगं उन्हाळ्यात गळतात आणि पावसाळ्यात नवी वाढतात, त्याला कॅल्शियम-फॉस्फरसही लागतो. गळलेली शिंगं जंगलात फार काळ दिसत नाहीत, ती सायाळ कुरतडून खाते, त्याच खनिजांसाठी. (तुम्हाला सापडलं तर उचलू नका. गळलेलं शिंग घरात ठेवणंही गुन्ह्यात बसतं.) पण ही सोडियमची भूक जोर धरते कोवळा हिरवा चारा सुरू झाला की. आत्ता मे महिन्यात रोह्याला मीठ नको, पाणी पाहिजे. बिबट्या-वाघाला तर मिठाचं काहीच नाही, त्यांना मांसातून सगळं मिळतं.

सगळ्यात वाईट म्हणजे शेळी, गाय आणि रोही एकाच मातीला जीभ लावून राहिले. लाळ्या-खुरकूत लाळेतूनच जातो. आम्ही गावोगाव लसी टोचत फिरायचो आणि तुम्ही नाल्याकाठी सगळ्यांना एका ताटात जेवायला बसवलं.

रातकिडा

डॉक्टरकाका विटेचं बोलले, मी कॅमेऱ्याचं बोलते. दादा, तुमच्याकडे प्राणी येत नाहीत असं नाही. तुमचा कॅमेरा आंधळा झालाय.

हे कॅमेरे हालचालीवर चालतात असं सगळ्यांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे. आतला पीआयआर सेन्सर उष्णतेतला फरक पाहतो, म्हणजे मागच्या देखाव्यापेक्षा वेगळ्या तापमानाचं काहीतरी सरकलं की फोटो. डिसेंबरच्या पहाटे चितळ अंधारात निखाऱ्यासारखं उठून दिसतं. पण नागपुरी मे महिन्यात, ४४ अंशांत, अंग आणि हवा जवळपास सारखीच. समोरून हत्ती गेला तरी कॅमेरा झोपलेला असू शकतो. उलट तापलेलं गवत वाऱ्यानं हललं की फोटोवर फोटो. त्यात तोंड पश्चिमेला, म्हणजे रोज संध्याकाळी सूर्य थेट भिंगात.

तोंड उत्तरेला करा. छातीची उंची सोडा. आम्ही स्वयंसेवक म्हणून व्याघ्रगणनेच्या कामाला गेलो तेव्हा कॅमेरे गुडघ्याच्या आसपास, साधारण ४५ सेंटिमीटरवर बांधायचो, वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात. तुम्हाला एकच पुरे, रोह्यासाठी थोडा वर घ्या. वाटेपासून तीन-चार मीटर लांब, आणि वाटेला आडवा नाही, तिरपा, म्हणजे प्राणी चौकटीतून पळून जायच्या आत सापडतो. समोरचं गवत विळ्यानं साफ करा. मग स्वतः चार पायांवर रांगत जाऊन पाहा. गडी हसेल, हसू द्या.

आमिषाची गरजच काय? धुऱ्यात कुठे खिंड पडली असेल, जिथून सगळे ये-जा करतात. मातीवर खुरं दिसतील, काट्याला केस अडकलेले असतील. कॅमेरा तिथे लावा.

पारशिवनीवाला

गूळ आणि मोहफुलं टाकू नका राजेहो, अस्वल येईल. मग कॅमेराही राहणार नाही आन बाभूळही.

एक गंभीर गोष्ट सांगतो. आमच्याकडे एका वावरात अशीच मिठाची जागा केली होती. हरणं यायला लागली, तशी ती कोणाकोणाला कळली. एका सकाळी तिथे तारेचे फास सापडले, क्लच वायरचे, ओळीनं पाच. जनावर रोज एकाच जागी येतं हे तुम्हाला माहीत झालं की ते फक्त तुम्हालाच माहीत राहत नाही.

धुऱ्यावरचा पळस

डॉक्टरसाहेब, वीट उचलली. कागद फेकून दिला होता, पण गोड वास येत होता, म्हणजे मळी असणार. कुलपात ठेवली.

पण एक पटत नाही. अभयारण्यात वनखातंच चाटण करतं ना? मग मी माझ्या वावरात केलं तर काय बिघडलं? आणि अमेरिकेत तर सर्रास चालतं.

रातकिडा

खातं करतं ते जंगलाच्या आत, जिथं गावची गुरं नाहीत आणि वनरक्षकाची रोजची गस्त आहे. तुमचा पळस गाव आणि जंगलाच्या मधोमध. चितळ तिथं रोज यायला लागलं की मागोमाग बिबट्या येणार. आणि शेळ्यांच्या मागे चारणारी पोरगी असते.

कायद्याचंही ऐका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम २(१६). शिकारीच्या व्याख्येत नुसतं मारणं नाही, पकडणं, फास लावणं, हाकारणं आणि आमिष दाखवणंही आहे. तो खाजगी वावरातही लागू आहे. कॅमेऱ्यासाठी ठेवलेलं मीठ त्यात बसतं की नाही यावर वकील वाद घालतील. तुम्हाला तो वाद चौकीच्या बाकड्यावर बसून घालायची हौस आहे का? नाल्यापलीकडे, हद्दीच्या आत, कॅमेरा तर परवानगीशिवाय अजिबात लावू नका.

रवंथ

अमेरिकेचं म्हणाल तर तिथंही सर्रास नाही. हरणांचा एक मेंदू पोखरणारा रोग तिथं पसरतोय, १९६७ मध्ये कोलोराडोत पहिल्यांदा दिसला. लाळेतून तो मातीत जातो आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतो. म्हणून बऱ्याच राज्यांत अशा मिठाच्या जागांवर बंदी आहे. व्हिडिओ करणारे ते सांगत नाहीत.

आणि भाऊ, तुम्ही संत्रावाले. खार सगळ्यात कमी सोसणाऱ्या झाडांपैकी एक म्हणजे संत्रा. दोन किलो मीठ मातीत कालवलंय, पळसापासून पहिली ओळ किती लांब?

धुऱ्यावरचा पळस

वीस फूट. आणि उतार ओळीकडेच. हे डोक्यातच आलं नाही!

रवंथ

मग मृग लागायच्या आत माती खणून काढा. नाल्यात टाकू नका.

धुऱ्यावरचा पळस (१६ जून)

उशीर झाला, माफी. मी आणि गड्यानं मिळून फूटभर खोल खणलं, अकरा घमेली निघाली. दोन गोण्यांत भरून शेडमध्ये ठेवली. गडी जागलीला त्यावरच बसतो. खड्ड्यात नवी माती टाकली, तरी शेळ्या पंधरा दिवस येऊन तो खड्डा चाटत होत्या. शेवटी बोराट्या टाकल्या वर.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे धुऱ्यावरून चालत गेलो. नाल्याच्या वळणावर करवंदीच्या जाळीत खिंड सापडली, माझ्या कमरेएवढी. बारा वर्षं वावर करून राहिलो, कधी दिसली नाही. तिथं कॅमेरा लावला, उत्तरेला, मांडीच्या उंचीवर. रांगलो. गडी हसला.

एकवीस रात्री, फोटो २०३. रोही अकरा वेळा, त्यातला एक निळा नर इतका जवळ की नुसती गळ्याखालची केसांची झुपकी आली. डुकरं सहा वेळा, पिलांसह, एकामागे एक. उदमांजर. सायाळ दोनदा, पाठीवरचे काटे उजेडात पांढरे फटक. बिबट्याही एकदा, रात्री २:३५. हे घरी सांगितलेलं नाही, इथंही कोणी आमच्या बाईसाहेबांना सांगू नका.

पण ठिबकची नळी यांच्यापैकी कोणीच चावत नव्हतं. गेल्या आठवड्यात दोन सरी आल्या, हवा गार झाली, म्हणून कॅमेरा दिवसा एका नळीसमोर लावला. सकाळी ९:२०. खार. मागचे दोन पाय नळीवर, पुढच्या दोन पायांत नळी धरून कणीस खाल्ल्यासारखी कुरतडत. मातीत एवढा खार कालवून शेवटी खारच निघाली.

आता तिचं काय करू, डॉक्टरसाहेब?

रवंथ

मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी संत्र्याला फुलं यावीत म्हणून, ताण दिला होता ना? म्हणजे महिनाभर वावरात पाण्याचा थेंब नाही, आणि नळीत उरलेलं पाणी तिला कळतं. पुढच्या उन्हाळ्यात दर चार-पाच ओळींमागे मातीची एक परळ पाण्यानं भरून ठेवा. गड्याला सांगा, रोज भरायची. गोणीवरून उठायला कारणही होईल.