मदत हवी आहे: सड्यावरच्या पाणलोटातली धूप कशी मोजावी?

नमस्कार मंडळी. गुहागरजवळच्या एका लहान पाणलोटात मातीची धूप किती होते याचा अंदाज काढायचाय. वर जांभ्याचा सडा (म्हणजे उघडं कातळाचं पठार), मध्ये वरकस (उताराची हलकी जमीन), खाली पऱ्या (लहान ओढा) आणि भाताचे मळे. सड्यावर चिरेखाणीचे डंपर वाटेल तिथून जातात. पावसात त्या चाकोऱ्यांतून तांबडं पाणी उतरतं आणि मळ्यात खडी आणून टाकतं. लावणीत पायाला टोचते.

धुपीचं सार्वत्रिक समीकरण माहीत आहे: पाऊस, माती, उतार, आच्छादन, संधारणाची कामं यांचा गुणाकार. अमेरिकी लष्कराने सरावाच्या जमिनींवर हेच वापरलंय. रणगाड्यांनी उघडी पाडलेली जमीन आणि आमचा सडा, दुखणं एकच! पण हे समीकरण थराची आणि बारीक सऱ्यांची धूप सांगतं, घळींची नाही. आमच्याकडे तर घळीच पडतात.

चाकोऱ्यांना आच्छादनाचा घटक वेगळा धरायचा का? सतत नांगरलेल्या, उघड्या पडीक जमिनीला तो १ असतो. कातळावर मुळात मातीच नाही, तिथे १ धरला तर आकडा फुगेल. घळीत लोखंडी खुंट्या ठोकून त्या किती उघड्या पडल्या हे पावसाळ्याआधी-नंतर मोजलं तर चालेल? आपल्या ३००० मिमीच्या पावसात त्या टिकतात का? आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडून पावसाच्या तीव्रतेच्या नोंदी कोणी मिळवल्यात का? नुसत्या वार्षिक बेरजेवरून काढलेला पावसाचा घटक मला तरी पटत नाही. जांभ्यावर काम केलेल्यांनी जरूर सांगा.