आयटीआय झालं, सोमवारी रुजू: स्वतःचा मल्टिमीटर न्यावा की टेस्टर पुरे?

पॅनेलकर: इलेक्ट्रिशियन ट्रेडची २ वर्षं संपवून मुलं कारखान्याच्या मेंटेनन्सला जातात ती खिशाला टेस्टर अडकवून. माझं स्पष्ट मत, रुजू होण्याआधी मल्टिमीटर घ्याच. न्यूट्रल तुटला असेल तर फेज लोडमधून फिरून येते आणि न्यूट्रलच्या वायरवरही टेस्टर पेटतो. नवखा तिथेच गोंधळतो. उलट रबरी मॅटवर उभं राहून, लख्ख उजेडात पाहिलं तर पेटलेला टेस्टरही दिसत नाही. मग ‘सप्लाय नाही’ म्हणून हात आत जातो.

स्टोअरची खिडकी: टेस्टरचं पटलं, मीटरचं नाही. स्वस्त मीटरच्या १० अँपिअरच्या सॉकेटला बऱ्याचदा फ्यूजच नसतो. करंट मोजल्यावर लाल वायर तिथेच राहिली आणि टोकं ४१५ व्होल्टच्या दोन फेजवर टेकवली, की सरळ शॉर्ट. टोक वितळतं, भडका तोंडावर येतो. नव्या मुलाने स्टोअरचा तपासलेला मीटरच सही करून घ्यावा.

पॅनेलकर: स्टोअरच्या मीटरची वायर आतून तुटलेली असली तर चालू फेजवरही शून्य दिसतं, त्याचं काय? मीटर कुणाचाही असो, आधी चालू सप्लायवर बघा, मग कामाच्या जागी, मग पुन्हा चालू सप्लायवर. घ्यायचाच तर कॅट थ्री (कारखान्याच्या पॅनेलवर वापरायचा सुरक्षा-दर्जा), ६०० व्होल्ट छापलेला, करंटच्या सॉकेटना फ्यूज असलेला. करंटसाठी क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमटा लावून मोजणारा) वापरला की लाल वायर हलवावीच लागत नाही.

दोन बल्ब: बंद केबल चालू केबलच्या शेजारून गेली असेल तर तिच्यावर डिजिटल मीटर ६०-७० व्होल्टही दाखवतो. ते खरं की भास, हे टेस्ट लॅम्प (होल्डरला दोन वायर जोडलेला बल्ब) सांगतो: भास असेल तर बल्ब लागत नाही. दोन फेजमध्ये मात्र २३० व्होल्टचे, सारख्याच वॅटचे दोन बल्ब सिरीजमध्ये हवेत, एक लावला तर उडतो.

स्टोअरची खिडकी: आणि व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह? मेन बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये साडेपाचशे व्होल्टच्या पुढे डीसी राहतो. मीटर एसीवर ठेवला तर तो धड दिसत नाही. लेबलवर लिहिलेली मिनिटं थांबा, मग डीसीवर मोजा. हे हाताखाली राहून शिकायचं, दुकानातून आणून नाही. सोमवारी अंगठी-कडं घरी ठेवा, सुती कपडे घाला, आणि आयसोलेटरला (सप्लाय तोडणाऱ्या मेन स्विचला) लावायला स्वतःच्या नावाचं कुलूप मागा. किल्ली आपल्याच खिशात. मीटर पहिल्या पगारातून घ्या.