मदत हवी आहे: वॉरफरिन (रक्त गोठू न देणारी गोळी) चालू असताना पालेभाज्यांचं प्रमाण कसं सांभाळता?

बाबांच्या हृदयाची मायट्रल झडप बदलून यांत्रिक बसवली आहे, म्हणजे वॉरफरिन कायमची. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा; जितका जास्त तितकं रक्त पातळ) २.५ ते ३.५ मध्ये ठेवायला सांगितलंय. पावसाळाभर ठीक होता. थंडी आली, बाजारात मेथी-पालक ढिगाने आला आणि आकडा १.८ वर घसरला. आई रोज एक जुडी निवडणार, आज मेथीचे पराठे, उद्या पालकाची ताकातली भाजी, वर मूठभर कोथिंबीर आहेच.

कारण कळलंय. रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार होताना के जीवनसत्त्व लागतं, आणि वॉरफरिन नेमकं त्याच्याच आड येतं. हिरवा पाला अचानक वाढला की गोळी कमी पडते; अचानक बंद केला तर रक्त जास्तच पातळ होतं. त्यामुळे ‘पालेभाजी बंदच करा’ हा आत्याचा सल्ला बाद. डॉक्टरही म्हणतात, खा, पण दर आठवड्याला साधारण तेवढीच.

आता ‘तेवढीच’ मोजायची कशी? जुडी कधी मनगटाएवढी, कधी चार काड्या. शिजवल्यावरच्या वाटीने मोजता का? रोज थोडी की ठरलेले वार? कोथिंबीर, शेवग्याचा पाला, अळूचं फदफदं हिशोबात धरता का? आणि श्रावणात, उपवास आणि रानभाज्या एकदम आल्या की काय करता?

घरात कुणी वॉरफरिनवर असेल त्यांनी जरूर लिहा. आहारतज्ज्ञ असतील तर फारच उत्तम. गोळीच्या डोसबद्दल सल्ले मात्र नकोत, ते डॉक्टर बघतात.