मदतीसाठी काढलेली सायकल राइड : तुमचे अनुभव लिहा

माळ्यावर ट्यूब शोधत होते, हाती आली ती पाठीवर लावायची नंबरपट्टी. ४७. चारही पिना गंजलेल्या. नऊ वर्षं झाली त्या राइडला. धाकट्या भावाचा मणका मोडला तेव्हा त्याच्या सायकलवाल्या मित्रांनी काढलेली, ५० किमी. मी त्याआधी २० च्या वर कधी गेलेच नव्हते. तो सुरुवातीलाच व्हीलचेअरवर, येणारा-जाणारा त्याच्या खांद्यावर थाप मारून निघत होता. तोही हसून सगळ्यांना हात करत होता. घरी आल्यावर म्हणाला, "ताई, शर्टावर माझा फोटो छापायच्या आधी मला विचारायचं होतं." फोटोत तो उभा होता, सायकलला टेकून. मी चिडले होते तेव्हा. एवढं लोकांनी केलं आणि याचं काय तर फोटो!

तुम्ही अशा राइडला गेला असाल, किंवा तुमच्यासाठी निघाली असेल, तर लिहा.

*

मी शर्टावरचा :) भावाला म्हणावं, मी आहे तुझ्या बाजूने.
माझी इजा डी-४, म्हणजे छातीमागच्या चौथ्या मणक्याला. छातीखाली घामच येत नाही, त्यामुळे अंग तापलं की तापतच जातं. दोन तास उन्हात मला झेंडा धरून बसवलेलं. डोकं गरगरायला लागलं तर लोक म्हणतात भावुक झालाय. शेवटी बायकोने सगळ्यांच्या बाटल्या माझ्या मानेवर रिकाम्या केल्या. तो फोटो मात्र कुणी छापला नाही.

*

आम्ही कायमचे स्वीपर. म्हणजे सगळ्यात शेवटी, मागे कुणी राहू नये म्हणून. एका राइडला एक काका, बिनगियरची सायकल, तीन वेळा पंक्चर. ट्यूब बदलली, फुस्स. पुन्हा बदलली, पुन्हा फुस्स. टायरच्या आतून बोट फिरवून बघायचं असतं हे मला, २० वर्षं सायकल चालवणाऱ्याला, तिसऱ्या वेळी आठवलं. केसाएवढी तार होती. आम्ही पोचलो तेव्हा मांडव सोडत होते.

*

पॅडवाल्या शॉर्ट्सच्या आत काही घालायचं नसतं हे मला ४० व्या किलोमीटरला कळलं. एवढंच लिहायला आले होते. कुकर झालाय.

*

^^ 😂😂 देवा. सगळ्यांचं तिथेच शिक्षण होतं.

*

थोडं कडू लिहिते, राग मानू नका. नवऱ्यासाठी राइड झाली, 'ऑपरेशनसाठी मदत' म्हणून. ऑपरेशन तर होऊन गेलेलं. खर्च सुरू झाला तो घरी आणल्यावर. हवेची गादी, खुर्चीतली उशी, लघवीसाठी चार-सहा तासांनी एक कॅथेटर, रोज. आणि रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर जखमा. राइडला शंभरावर लोक होते. रात्री दोनच्या गजराला मी एकटी. मग त्यातलाच एक मुलगा, नावही धड माहीत नव्हतं, म्हणाला वहिनी, शनिवारी तुम्ही झोपा. त्याने आणखी तिघं गोळा केले. आठ महिने शनिवार त्यांचे. पैसे किती जमले होते ते आता आठवतही नाही.

*

वहिनी __/\__

*

आमची जोडसायकल. बायकोला डोक्याला मार, तोल गेला आणि शब्दही गेले. समजायचं सगळं, बोलता यायचं नाही. राइडच्या दिवशी तिला मागे बसवलं. मागच्याला ब्रेक नाही, गियर नाही, आणि दोघांची पॅडल एकाच चेनला जोडलेली. मी मारत राहिलो की तिचे पाय फिरणारच. चढावर पाठीत गुद्दे बसायला लागले. मी आपला "हो हो, आलंच" करत रेटतोय. आणि मागून मोठ्याने, "थांब!"
चार महिन्यांतला पहिला स्पष्ट शब्द. मी थांबलो तर मागचे दोघे येऊन धडकले.

*

दादा, वाचून हसू की रडू. आता बोलतात का त्या?

*

बोलते म्हणजे, "थांब" सगळ्यात छान म्हणते अजून.

*

जरा विषयांतर. हाताने चालवायची सायकल कुणी वापरली आहे का? पॅरालिम्पिकमध्ये २००४ पासून आहे म्हणतात, पण जवळून बघितलेली नाही. भाच्यासाठी हवीय, डी-१०. झोपून चालवायची घ्यावी की बसून?

*

बसून. झोपून चालवायची खूप बुटकी असते, रस्त्यावर गाड्यांना दिसत नाही. उंच काठीला झेंडा लावाच. आणि आधी कुणाची तरी मागून तासभर चालवू दे, खांदे दुखतात का बघा. व्हीलचेअरलाही तेच खांदे लागतात.

*

धागाकर्ती ताई, ट्यूब मिळाली का शेवटी?

*

मिळाली, पण व्हॉल्व्ह वेगळा निघाला :( भावाला धागा दाखवला. 'मी शर्टावरचा' यांचा नंबर मागतोय.