प्रीएम्प्टिव्ह युद्धाला मराठीत काय म्हणाल?

खाडीकाठ: तालुक्याच्या वादविवाद स्पर्धेला विषय इंग्रजीतून आलाय: दुसऱ्या देशावर प्रीएम्प्टिव्ह युद्ध समर्थनीय आहे का? मी पोरांना 'प्रतिबंधात्मक युद्ध' लिहून दिलं. एक परीक्षक म्हणाले, तो प्रिव्हेंटिव्हचा प्रतिशब्द. मग याला काय?

गडगा: बरोबर आहे त्यांचं. ५ जून १९६७. इजिप्तचं सैन्य सिनाईत, तिरानची सामुद्रधुनी बंद. इस्रायलने आधीच त्यांचे विमानतळ फोडले. हात उगारलेला होता, निदान इस्रायलचं म्हणणं तसं. ते प्रीएम्प्टिव्ह. १९८१ साली इराकची ओसिराक अणुभट्टी उडवली, तेव्हा धोका पुढेमागे कधीतरीचा. ते प्रतिबंधात्मक. २००३ ला अमेरिकेने इराकमध्ये केलं दुसरं, नाव दिलं पहिल्याचं. ज्यांचं कारण दिलं ती महासंहारक अस्त्रं सापडलीच नाहीत.

भाटकार: 'आगाऊ हल्ला' म्हणा की. आगाऊ रक्कम, तसा आगाऊ हल्ला. शिवाय कार्ट्याचा आगाऊपणा त्यात फुकट येतो.

तत्सम: म्हणजे शब्दातच निकाल लावलात! बाजूने बोलणाऱ्या पोराने काय करायचं? 'पूर्वघाती' घ्या.

भाटकार: पूर्वघाती ऐकून आमची आये विचारेल, मागच्या जन्मीचं काय केलंन याने?

पडवी: शब्द राहू दे, गोष्ट ऐका. शेजारच्या काकांचा माड आमच्या कौलांवर कललेला. बाबा दर आगोटीला सांगायचे, तोडून टाका. काकांचं एकच, "वीस वर्षं तसाच आहे तो." जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. खिडकीतून दिसत होतं, बुंध्याकडची माती श्वास घेतल्यासारखी वरखाली होत होती. आता खात्री पटली, पण कुऱ्हाड घेऊन बाहेर जातंय कोण? न्हाणीघर गेलं. तुमचं 'प्रीएम्प्टिव्ह' म्हणजे ती माती हलते तेवढीच वेळ.

गडगा: तरी कललेल्या प्रत्येक माडावर कुऱ्हाड चालवायची मुभा दिलीत तर वाडी बोडकी होईल. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं ५१ वं कलम स्वसंरक्षणाचा हक्क देतं तो सशस्त्र हल्ला झाल्यास. होईल असं वाटल्यास नव्हे.

पडवी: न्हाणीघर तुमचं नव्हतं ना.

तत्सम: मुळात माड 'तोडत' नाहीत, पाडतात.

भाटकार: पाडतात ते नारळ! म्हणून तर नारळ काढणारा तो पाडेली. माड तोडतातच.

खाडीकाठ: उद्या अकराला स्पर्धा आहे हो. 'आगाऊ' की 'पूर्वघाती'?

पडवी: भाटकार, तुमच्याकडे पाडेली मिळतो अजून? आमचा मुंबईला गेला.