दोघी मैत्रिणींचं ‘पुनर्मीलन’ चालेल का?

अनुवादिका : नायजेरियन लेखिका सेफी अट्टा यांच्या ‘एव्हरीथिंग गुड विल कम’ (2005) या कादंबरीवर लेख लिहितेय. लागोस, 1971. एनितान आणि शेरी शेजारशेजारच्या घरांतल्या मुली. पुढे एनितान शिकायला इंग्लंडला जाते, आणि मायदेशी परतल्यावर दोघी पुन्हा भेटतात. मी ‘पुनर्मीलन’ लिहिलं. संपादकबाईंनी त्यावर रेघ मारली, म्हणाल्या नवराबायकोचं वाटतं. ‘पुनर्भेट’ मला कोरडा वाटतो. काय लिहू?

घाटावरची : ‘गाठ पडली’ लिहा. माझ्या आईला शाळेतली मैत्रीण चाळीस वर्षांनी एसटी स्टँडवर दिसली. हातातली पिशवी खाली ठेवून दोघी नुसत्या एकमेकींचे दंड धरून उभ्या. आई अजून म्हणते, “आमची गाठ पडली.”

शुद्धलेखक : गाठ पडते ती योगायोगाने. आणि ‘मैत्रीण’ तरी कशाला? ‘सखी’ आहे की.

मावळकर : सखी पुस्तकी झाली हो. तिचंच प्राकृतातून आलेलं रूप ‘सई’. आमची आजी जात्यावर ‘सयांनो’ अशीच साद घालायची.

लागोसला राहिलेली : तिकडच्या योरुबा भाषेत मित्र आणि मैत्रीण दोघांना एकच शब्द, ‘ओरे’. सर्वनामातही ‘तो’-‘ती’ वेगळे नाहीत. पण तिथल्या लग्नात मैत्रिणी एकाच ताग्यातलं कापड घेऊन शिवतात, त्याला ‘आशो एबी’ म्हणतात. आशो म्हणजे कापड, एबी म्हणजे कुटुंब. मलाही एकदा निळ्या लेसचं कापड आलं होतं. शिवून घालेपर्यंत मी पाहुणी होते, त्या दिवशी पाहुणी राहिले नाही.

शुद्धलेखक : म्हणजे ‘मानलेली बहीण’.

घाटावरची : मुळीच नाही! मैत्रीला मोल यायला बहीण कशाला व्हायला हवं?

शुद्धलेखक : मग ऐका. माळीण म्हणजे माळ्याची बायको, सोनारीण सोनाराची. त्या हिशेबाने मैत्रीण कोणाची?

मावळकर : आणि शेजारीण? ती स्वतःच शेजारी राहते, नवरा असो वा नसो. ‘-ईण’चा एकच अर्थ धरून बसू नका.

अनुवादिका : शेजारीण! एनितान-शेरी आधी तेच होत्या. पण पुन्हा भेटण्याचं काय?

शुद्धलेखक : आधी ‘-ईण’चं मिटू द्या. वाघीण घ्या…