‘अॅनिमल फार्म’ला रूपककथा म्हणावे की अन्योक्ती?

प्रश्न

जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘अॅनिमल फार्म’चा परिचय लिहीत आहे. शेतावरच्या जनावरांच्या गोष्टीआडून ती रशियन राज्यक्रांतीविषयी बोलते, म्हणून इंग्रजीत या कादंबरीला ‘पोलिटिकल अॅलेगरी’ म्हणतात. मराठी लेखांत तिच्यासाठी रूपककथा, प्रतीकात्मक कादंबरी, बोधकथा आणि एका ठिकाणी तर चक्क परीकथा असे चार शब्द सापडले. यांतला नेमका कोणता? आणि रशियन राज्यक्रांती माहीत नसलेल्या वाचकापर्यंत त्या शब्दातून काही पोहोचेल का?

उत्तर

परीकथेचा उगम आधी सांगतो, कारण तो चुकीचा असला तरी निराधार नाही. १७ ऑगस्ट १९४५ रोजी लंडनमध्ये पुस्तक निघाले तेव्हा ऑर्वेल यांनीच त्याला ‘अ फेअरी स्टोरी’ असे उपशीर्षक दिले होते. पुढच्या वर्षीच्या अमेरिकी आवृत्तीतून ते गळले. उपशीर्षकात खोच आहे. पुस्तकात परी औषधालाही नाही. आहेत ती डुकरे, घोडे, मेंढ्या आणि कत्तलखान्याची गाडी. उपशीर्षकाचे भाषांतर म्हणून परीकथा चालेल, साहित्यप्रकाराचे नाव म्हणून मुळीच नाही.

बोधकथेलाही माझा विरोध आहे. पंचतंत्रातला कोल्हा हा धूर्तपणाचा नमुना असतो. तो अमुक साली अमुक गादीवर बसलेला अमुक इसम नसतो. नेपोलियन हा बर्कशायर जातीचा डुक्कर मात्र स्टालिनच आहे, आणि तो किती काटेकोरपणे स्टालिन आहे याचा एक पुरावा लेखकाच्या पत्रव्यवहारात सापडतो. पवनचक्की स्फोटाने उडवली जाते तेव्हा नेपोलियनसह सगळे प्राणी जमिनीवर पालथे पडतात, असे मूळ हस्तलिखितात होते. मार्च १९४५ मध्ये पॅरिसहून प्रकाशकाला पत्र लिहून ऑर्वेल यांनी ते ‘नेपोलियन सोडून सगळे’ असे करायला सांगितले, कारण जर्मन फौजा चाल करून आल्या तेव्हा स्टालिन मॉस्को सोडून गेला नव्हता आणि त्याच्यावर अन्याय व्हायला नको होता. ज्याच्यावर टीका करायची त्याच्याशीही एका वाक्यापुरता प्रामाणिक राहण्याचा हा हट्ट बोधकथाकाराला कधीच धरावा लागत नाही.

राहिला रूपककथा. ‘अॅलेगरी’साठी मराठी समीक्षेत हाच शब्द रूढ आहे आणि परिचयात आपण ‘राजकीय रूपककथा’ असेच लिहावे. तरीही या शब्दात एक अडचण आहे. शाळेत शिकलेले रूपक आठवा. मुखचंद्र, नयनकमल. तिथे उपमेय (मुख) आणि उपमान (चंद्र) दोन्ही शब्दांनी हजर असतात आणि त्यांच्यात अभेद कल्पिलेला असतो. ‘अॅनिमल फार्म’मध्ये उपमेय हजरच नाही. स्टालिन, ट्रॉट्स्की, झार निकोलस ही नावे पुस्तकभर कुठेही येत नाहीत. उपमानाने उपमेय गिळून टाकणे याला संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त अतिशयोक्तीचा एक प्रकार म्हटले आहे, रूपक नव्हे. म्हणजे काटेकोर अलंकारशास्त्राने गेलो तर रूपककथा हे नावच सैल ठरते.

याउलट एकनाथांच्या विंचवाच्या भारुडाला रूपक हा शब्द चपखल बसतो, कारण चावलेला विंचू काम-क्रोधाचा आहे हे भारूडच सांगते. तिथे कुलूप आणि किल्ली दोन्ही एकाच हातात दिलेली असतात. ऑर्वेल यांनी कुलूप दिले, किल्ली इतिहासात ठेवली.

शंका

मग अन्योक्ती का नको? ‘अॅलेगरी’ या शब्दाच्या मुळाशी ग्रीक ‘आलोस’ म्हणजे अन्य आणि ‘आगोरेउएइन’ म्हणजे सभेत बोलणे, असे दोन घटक आहेत. अन्य आणि उक्ती! घटकाला घटक असा जुळणारा शब्द आयता मिळत असताना ‘रूपक’ची ओढाताण कशाला? शिवाय रूपकाला संस्कृतात नाटकाचा अर्थ आहे, आकाशवाणीवर कार्यक्रमाचा. हा शब्द आधीच खूप ओझी वाहतो आहे.

उत्तर

व्युत्पत्तीचा मुद्दा बिनतोड आहे आणि तो वाचून मलाही क्षणभर पक्ष बदलावासा वाटला. पण शब्द व्युत्पत्तीवर जगत नाही. मराठीत अन्योक्ती म्हटले की चार ओळींचा श्लोक डोळ्यांपुढे येतो, बहिऱ्यांच्या सभेत गोड बोलू नकोस असे कोकिळेला सांगणारा. त्यात एका पक्ष्याला उद्देशून दुसऱ्याच कुणाला टोला दिलेला असतो. ‘लेकी बोले सुने लागे’ या म्हणीत तिची सगळी रीत आली. टोला क्षणात बसतो आणि संपतो. दहा प्रकरणांच्या कथानकात एकेका पात्रामागे एकेक माणूस उभा करणे हा त्याच जातीचा उद्योग असला तरी त्याचा पल्ला वेगळा आहे. ‘दीर्घ अन्योक्ती’ असे वर्णन लेखात एकदा करावे, वर्गनाव म्हणून वापरू नये.

मराठी वाचकाला हा प्रकार समजावायचा तर उदाहरण रंगभूमीवर आहे. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगमंचावर आले आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. नाटकात विराटाच्या दरबारातला कीचक, द्रौपदी आणि भीम. प्रेक्षकांच्या मनात लॉर्ड कर्झन, हिंदभूमी आणि जहाल पक्ष. रंगमंचावर कर्झनचे नाव कुणी उच्चारत नाही, तरी थिएटरातला प्रत्येक जण ते ऐकतो. ऑर्वेल यांच्याबाबतीत तर हे छापण्यापूर्वीच घडले. ब्रिटन आणि रशिया तेव्हा दोस्त होते, त्यामुळे लंडनच्या एकाहून अधिक प्रकाशकांनी १९४४ साली हस्तलिखित परत केले. डुकरे कोण, हे कुणालाही विचारावे लागले नाही.

आता ‘प्रतीकात्मक’विषयी. हा शब्द संपूर्ण पुस्तकाला लावू नये, पण त्यातल्या काही गोष्टींना तोच लागू पडतो. शेजारच्या शेताचा मालक फ्रेडरिक याला लाकूड विकले जाते आणि मिळालेल्या नोटा खोट्या निघतात, हे १९३९ च्या नाझी-सोव्हिएत कराराचे रूपक आहे; एकास एक. कोठाराच्या भिंतीवर रंगवलेल्या सात आज्ञांना मात्र असा एकच जोडीदार शोधता येत नाही. त्या हळूहळू बदलत जातात आणि एका रात्री तुटलेली शिडी, कंदील, ब्रश आणि पांढऱ्या रंगाचा सांडलेला डबा यांच्या शेजारी नेपोलियनची बाजू मांडणारा डुक्कर स्क्वीलर पडलेला सापडतो. हे प्रतीक, कारण कायद्याची भाषा गुपचूप बदलणारी कुठलीही सत्ता त्यात मावते.

(जाता जाता भाषांतरकारांसाठी: इंग्रजीत आज्ञेच्या शेवटी दोन शब्द वाढवले की काम होते. मराठीत ‘नये’ शेवटी येत असल्याने नवा शब्द मध्ये घुसवावा लागतो आणि मग जुनी ओळ पुसल्याशिवाय ते जमत नाही. उपाय बोलीत आहे: ‘कोणत्याही प्राण्याने दुसऱ्या प्राण्याला ठार मारू नये, विनाकारण.’ तो शेवटचा शब्द मागाहून चिकटवलेला दिसतो, आणि तेच तर हवे.)

पुरवणी प्रश्न

आभारी आहे. ‘राजकीय रूपककथा’ नक्की केले. उपहास, उपरोध, विडंबन यांतले काय वापरू? आणि प्राण्यांच्या कृतीला क्रांती म्हणू की बंड?

उत्तर

उपरोधिक म्हणा. विडंबनासाठी समोर मूळ कलाकृती लागते, इथे ती नाही. हिंदीतला ‘व्यंग्य’ टाळा. मराठीत व्यंग म्हणजे आधी शारीरिक दोष.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. पुस्तकात प्राणी शेतमालक जोन्सला हाकलतात त्याला ‘रिबेलियन’ असा शब्द आहे, ‘रेव्होल्यूशन’ नाही. मराठीत १८५७ च्या संदर्भात बंड, उठाव आणि स्वातंत्र्यसमर या तीन शब्दांवर किती शाई सांडली ते आपण जाणतोच. म्हणजे आपल्याकडे हा फरक वाचकाच्या कानाला लगेच जाणवतो. आपल्या परिचयात रशियाविषयी लिहिताना १९१७ ची क्रांती म्हणावे, पण कोठारात मेजर या म्हाताऱ्या डुकराचे भाषण ऐकून उठलेल्या जनावरांच्या तोंडी बंड हाच शब्द ठेवावा.